पोटभर जेवलेल्या जळवा

इस्पितळात तिला सगळे जळूताई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर फाटकावरचा रखवालदारही "या जळूताई, आज उशीर?" असं सलामासारखं म्हणायचा. नव्या माणसाला वाटे, बाई चिकट स्वभावाची असणार, एकदा धरलं की सोडत नसणार. तसं काही नव्हतं. उलट तिला धरून ठेवण्याचाच कंटाळा होता. औषधांच्या कोठारामागे एक थंड, खिडकी नसलेली खोली होती, तिथे मोठ्या काचेच्या बरण्यांत जळवा ठेवलेल्या असत आणि त्यांची देखभाल तिच्या गळ्यात पडली होती. कुणाच्या तरी गळ्यात पडायची म्हणून तिच्या पडली, आणि मग तिथेच राहिली.

काम ऐकायला विचित्र, करायला साधं. तुटलेलं बोट किंवा कान शिवून परत जोडला की कधीकधी एक अडचण होते. रक्त आत येतं, पण बाहेर जायला वाट सापडत नाही. बोट फुगतं, निळं पडतं, मग जांभळं, आणि वेळेत काही केलं नाही तर मरतं. अशा वेळी त्यावर जळू लावतात. ती तुंबलेलं रक्त पिते, बोटाला उसंत मिळते, आणि त्या उसंतीत नव्या बारीक शिरा रुजतात. अट एकच. जळू उपाशी हवी. महिनोन्महिने काही न खाल्लेली. जेवलेली जळू म्हणजे दुपारी जेवून लवंडलेला पाहुणा, हलवलं तरी कूस बदलून परत झोपणार.

म्हणून तिचं काम उपाशी ठेवण्याचं. "बायका जेवू घालण्यात जन्म घालवतात," ती म्हणायची, "मी एकटीच अशी, की जिला उपाशी ठेवायचा पगार मिळतो."

घरी मात्र उलट होतं. घरी सासूबाई होत्या आणि सासूबाईंची अन्नावरची वासना उडाली होती. डॉक्टरांनी तपासलं, पोट ठीक, घसा ठीक, वय झालंय म्हणाले आणि मोकळे झाले. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी ती वाटी आणि चमचा घेऊन पलंगाच्या कडेला बसायची.

"आई, एक घास."

"ठेव तिथे."

"ठेवून खाल्ला जात नाही आई, तोंडात घालावा लागतो."

"मग तू घाल. तुझं तोंड मोठं आहे."

"ते तुमच्याशी बोलून बोलून झालं."

सासूबाई हसायच्या, पण हसताना ओठ मिटलेले ठेवायच्या. फार हुशार बाई. शेजारच्या खोलीतून नवरा ओरडायचा, "अगं, जबरदस्ती करू नकोस!" आणि संध्याकाळी तोच विचारायचा, "आई आज जेवली नाही? तू दिलंस ना नीट?" या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिचं सगळं घर चाललं होतं. पदार्थ बदलून झाले, ताटली बदलून झाली, लाडीगोडी झाली, रुसवा झाला. चमचा तोंडाजवळ नेताना आपलंच तोंड उघडतं, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ते तिला आवरता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी चमचा हाताने बाजूला सारला. रागाने नाही. डोळ्यांपुढची माशी सारावी तसा. घास चादरीवर पडला. तिने चादर बदलली, पदार्थ झाकून ठेवला आणि बसमध्ये उभ्याने डुलक्या घेत इस्पितळात पोचली. थंड खोलीचं दार उघडलं आणि बरणीवर तिची सावली पडली.

सगळ्या जळवा वर आल्या.

हे रोजच व्हायचं. उपाशी जळवा पाण्याच्या काठाशी टपून असतात. सावली पडली, पाण्यावर बारीकशी लाट उठली, की रिबिनीसारख्या लहरत त्या दिशेने झेपावतात. पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जळवांच्या मज्जातंतूंवर काम करणारा एक मास्तर होता. चष्म्याला दोरी बांधलेला, कायम झोप अपुरी झाल्यासारखा दिसणारा. त्याने तिला एकदा यामागचं कारण सांगितलं होतं.

"जळवेला मेंदू असा नाहीच ताई. दोऱ्यात ओवलेले मणी समजा. जवळजवळ प्रत्येक मण्यात दोन जाडजूड पेशी. ती उपाशी असली की त्या पेशींत एक द्रव्य भरलेलं असतं, सेरोटोनिन. ते सुटलं की जळू हलते. पोहते, ऊब शोधते, ऊब सापडली की चावते, लाळ सोडते, गिळते. सगळं त्या एकाच द्रव्याच्या हुकमाने. पोट ताणलं की हुकूम बंद. मग शेजारी हत्ती आणून उभा करा, ती ढिम्म."

"म्हणजे भूक म्हणजे नुसता एक थेंब?"

"थेंब म्हणा."

"मग आमच्या सासूबाईंचा थेंब कुठे सांडला हो?"

मास्तर हसला, पण त्याने उत्तर खरं दिलं. "माणसाचं इतकं सोपं नाही. गंमत म्हणजे हेच द्रव्य आपल्यात पुष्कळदा उलटं वागतं. जळवेत भूक जागवतं, आपल्यात शमवतं."

"म्हणजे तिथेही सासूबाईंचं उलटच," ती म्हणाली होती.

तर त्या सकाळी जळवा वर आल्या, आणि काचेला तोंडं लावून डोलू लागल्या. एवढी भूक. कुणाला तरी एवढी भूक आहे, आणि आपण तिला काही न देण्यासाठी इथे येतो. त्यात कित्येक दिवसांत तुटलेलं बोट इस्पितळात आलं नव्हतं. या जळवा तशाही जुन्या झाल्या होत्या, महिनाअखेरीला नव्या यायच्या होत्या, आणि नव्या आल्या की जुन्या स्पिरिटमध्ये बुडवून संपवायच्या, असा नियम. मरणाऱ्याला शेवटचं जेवण तर कुणीही घालतं. असं तिने स्वतःला सांगितलं. दमलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खाटकाकडून डबाभर ताजं रक्त आणलं, गरम पाण्यात धरून कोमट केलं, पातळ आतड्याच्या पिशवीत भरलं आणि बरणीत सोडलं. जळवा तुटून पडल्या. अंगावरून लाटा जाव्यात तशा गिळू लागल्या. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी "ठेव तिथे" म्हणालं नाही. ती स्टुलावर बसून बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. मग तिने दुसरी बरणी उघडली. खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण एकीला वाढून दुसरीला नुसतं बघत ठेवायचं, हे तिच्या हातून कधी झालंच नव्हतं. तिसरीही जेवली. सगळ्या जेवल्या. फुगून काळ्या बोरांसारख्या झाल्या आणि तळाशी जाऊन निजल्या.

आणि आज सकाळी वॉर्डमधून फोन आला.

"जळूताई, दोन भुकेल्या घेऊन या," सर्जनबाई म्हणाली. वयाने लहान, हाताने पक्की, बोलण्यात घाईची. "चांगल्या चावऱ्या बघून आणा. काल अंगठा जोडलाय, शिरा दगा देतायत."

सगळ्या अजून तळाशीच होत्या. तरी तिने बरणीत हात घातला, त्यातल्या त्यात बारीक दिसणाऱ्या दोन जळवा निवडल्या, चंचुपात्रात घातल्या आणि निघाली. चार पायऱ्या चढल्यावर वाटलं, असेल एखादी अर्धपोटी. आणखी चार चढल्यावर कळलं, नसेल.

अंगठा एका फ्रेमवाल्याचा होता. फोटोंना चौकटी आणि काचा बसवायचं त्याचं दुकान. मोठी काच हातातून निसटली आणि अंगठा घेऊन गेली. सरळ, स्वच्छ काप. दुकानातल्या कुणीतरी शहाणपणा करून तुटलेला तुकडा पिशवीत, पिशवी बर्फात, असा आणला, म्हणून जोडता तरी आला. माणूस पन्नाशीचा, टकलू, गप्पिष्ट. शेजारी थोरली बहीण बसलेली, ताठ, मांडीवर पर्स घट्ट धरून. लग्न न झालेल्या भावाचा संसार आपणच करतो आहोत, हे तिच्या बसण्यातच लिहिलेलं होतं.

"आल्या का पाहुण्या?" फ्रेमवाला म्हणाला. "या, बसा. ताटात अंगठा वाढलाय."

"गप रे," बहीण म्हणाली.

अंगठा जांभळ्या वांग्याच्या रंगाचा झाला होता. जळूताईने चिमट्याने पहिली जळू त्यावर ठेवली. तिने एक टोक उचललं, हवेत फिरवलं आणि गुंडाळी करून पडून राहिली. सर्जनबाईने सुईने टोचून रक्ताचा थेंब काढला, जळवेच्या तोंडाशी नेला. जळवेने तोंड बाजूला केलं. दुसरीनेही केलं.

ते तोंड बाजूला करणं जळूताईच्या चांगलं ओळखीचं होतं.

"यांना आज झालंय काय?" सर्जनबाई म्हणाली.

"थंड आहेत अजून," तिच्या तोंडून निघालं. "खोली थंड असते ना."

"मग दुसऱ्या आणा. अंगठ्याला वेळ नाही, ताई. संध्याकाळपर्यंत असाच राहिला तर उद्या काढावा लागेल."

"काढायचाच होता तर जोडला कशाला?" फ्रेमवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "अंगठ्याशिवाय काच धरता येत नाही हो. चार बोटं नुसती टेकू देतात. धरतो अंगठाच."

जळवा परत चंचुपात्रात घालून ती बाहेर पडली. पाय कोठाराकडे जायला हवे होते, ते जिन्याकडे गेले. पाचव्या मजल्यापर्यंत तिने श्वास घेतल्याचं तिला आठवत नाही.

मास्तर सूक्ष्मदर्शकावर वाकला होता. तिने चंचुपात्रातल्या दोन्ही जळवा त्याच्यासमोर ठेवल्या. "यांना चावायला लावा. तुमच्याकडे ते द्रव्य आहे ना? बाटलीत?"

त्याने जळवांकडे पाहिलं. त्यांच्या गोल, गुळगुळीत अंगाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. काही विचारलं नाही. कपाटातून बाटली काढली, त्यातलं थोडं पाण्यात मिसळलं आणि एक जळू त्यात सोडली.  हळूहळू जळवेचं अंग सैल झालं, लांबलं. मग ती उठली. पाण्यात लहरू लागली, काचेवर चढली, डोकं इकडेतिकडे फिरवू लागली. मास्तरने हातमोज्याचं बोट पुढे केलं. जळवेने त्यावर तोंड रोवलं.

"पोट भरलेलं आहे," तो म्हणाला, "पण तिला ते कळत नाहीये. मण्यांतून हुकूम येतोय, शोध, चाव. ती शोधतेय, चावतेय. हिला आत्ता थांबवणारं काही नाही."

जळूताईचा जीव भांड्यात पडला. चावते! "द्या मग. देता का? मी घेऊन जाते."

"पोटातलं रक्त कुणाचं आहे?"

तिने चंचुपात्र जवळ ओढलं.

"ताई?"

"खाटकाकडचं."

मास्तरने चष्मा काढला, दोरीवर लोंबू दिला. "चावेल ती. पण भरल्या पोटाची जळू चावताना पोटातलं थोडं बाहेरही टाकते. तेही उघड्या जखमेत. शिळं, जनावराचं, आत काय काय वाढलेलं. मग अंगठा राहिला बाजूला, हात वाचवायची पाळी येईल." तो थांबला. "तुम्हाला मी हे सांगायला नको. बाटली इथेच आहे. मी कपाटाला कुलूप लावत नाही, कधीच लावलेलं नाही."

एवढं बोलून तो परत सूक्ष्मदर्शकावर वाकला. तिला त्याचा रागच आला. माणसाने अशा वेळी ओरडावं, हात धरावा, दटावावं. हा दमलेला माणूस तिचा निर्णय तिच्या पुढ्यात ठेवून मोकळा झाला, वाटी आणि चमच्यासारखा.

जिना उतरताना चंचुपात्र तिच्या हातात होतं आणि आतली जळू नाचत होती. कुणालाही वाटलं असतं, काय भुकेली आहे! सर्जनबाईलाही वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत अंगठा लाल झाला असता, सगळे खूश. उद्या-परवा ताप आला असता. ताप काय, कुणालाही येतो. टाके घातलेल्या माणसाला तर येतोच. कुणी कोठारामागच्या खोलीपर्यंत माग काढत आलं नसतं. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. नोकरीचा विचार आला, नवऱ्याचा आला, सासूबाईंच्या औषधांचा आला. मग कशाचाच येईना. नुसता शीण आला, पायांपासून वर चढत गेलेला. लपवायलाही अंगात बळ लागतं आणि तिच्या अंगात तेवढं उरलेलं नव्हतं. पुढे कुणी विचारलं तर ती हेच सांगणार होती. चांगुलपणा बिंगुलपणा काही नाही, मी थकले होते.

चंचुपात्र तिने मोरीत ओतलं नाही. तशीच झाकण लावून बाजूला ठेवली जळू, आणि वॉर्डच्या दाराशी सर्जनबाईला गाठलं.

"त्या चावणार नाहीत. मी जेवू घातलंय त्यांना."

"कुणाला?"

"जळवांना. गेल्या आठवड्यात."

"किती?"

"सगळ्या."

"सगळ्या?" सर्जनबाईचा आवाज चिरकला. "का?"

यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ते सगळं सांगायला बसलं तर सासूबाईंपासून सुरुवात करावी लागली असती. "एकीला वाढून दुसरीला नाही, असं बरं दिसत नाही म्हणून," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कानांनी ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर्जनबाईने डोळे मिटले. ओरडली नाही. ओरडायला वेळ लागतो. डोळे उघडले तेव्हा फोन तिच्या कानाला लागलेला होता. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात जळवा होत्या. गाडीने निघाल्या तर संध्याकाळी पोचतील. तोपर्यंत हाताने करायचं. अंगठ्याचं नख काढायचं, आणि नखाखालच्या मऊ जागेवर रक्त गोठू न देणाऱ्या औषधात भिजवलेली गॉझची पट्टी घासत राहायची. जागा सुकू लागली की घासायची, रक्त झिरपतं ठेवायचं. जळवेचं काम माणसाने करायचं, जळवेइतकं चांगलं नाही, पण करायचं.

"वॉर्डला सिस्टर एकच आहे आज," सर्जनबाई म्हणाली. "तुम्ही बसा. हात हलका ठेवा आणि थांबू नका. बाकीचं आपण नंतर बोलू. आणि बोलणार आहोत, बरं का."

ती बसली. नख निघालं. अंगठा बधिर होता, फ्रेमवाल्याला काही जाणवलं नाही, पण बघून त्याच्या कपाळावर घाम आला आणि विनोद थांबले. तिने गॉझ भिजवली आणि घासायला सुरुवात केली. काळपट, जाडसर रक्त आलं. पुसलं. परत घासलं. परत आलं.

बऱ्याच वेळाने फ्रेमवाला म्हणाला, "तुमच्या पाहुण्या संपावर गेल्या का?"

खोटं सांगायचं बळ सकाळीच संपलं होतं. "नाही. मी त्यांना पोटभर जेवू घातलं. चूक झाली माझी. उपाशी ठेवायच्या असतात."

 मग फ्रेमवाला हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून. "दया आली? जळवांची?"

"हात हलवू नका."

"अहो, माझी आली असती तर कळलं असतं. जळवांची!"

त्याची बहीण हसली नाही. ती उभी राहिली, पर्स खुर्चीवर आपटली. "तुम्हाला हसू येतंय का यात काही? याने आयुष्यभर काय केलं माहीत आहे? लोकांचे फोटो चौकटीत बसवले. मेलेल्यांचे, लग्नातले, पोरांचे. दुसरं काही येत नाही याला. स्वयंपाक येत नाही, हिशेब येत नाही, बायको टिकवता आली नसती म्हणून केली नाही. एक अंगठा होता धड. आणि तुम्हाला किड्यांचा पुळका आला!"

"ताई, पुरे," फ्रेमवाला म्हणाला.

"पुरे काय? तुझा अंगठा आहे म्हणून तू हसशील. उद्या सगळं करावं कुणाला लागणार आहे?"

  बहिणीच्या शब्दांतलं एकही खोटं नव्हतं आणि शेवटचं वाक्य तर जळूताई स्वतः घरी रोज मनात म्हणायची. ती घासत राहिली. गॉझ बदलली. दुपार उलटली. खिशातला फोन थरथरला, तो तिने खांद्याने कानाशी धरला.

"आई काही खात नाही," नवरा म्हणाला. "कधी येतेस?"

"आज तुम्ही भरवा."

"माझ्या हातून खाणार नाही ती."

"माझ्या हातून तरी कुठे खातात? तुमचाही हात दमू दे जरा."

फोन ठेवताना तिचं मनगट थरथरत होतं. गॉझ अंगठ्यावर नीट टेकेना. तिने दुसरा हात लावून बघितला, तो डावा, त्याला हलकेपणा जमेना. रक्ताचा थेंब अंगठ्याच्या कडेला जमून सुकू लागला.

"द्या इकडे," बहीण म्हणाली.

"नाही, मी करते, मला सांगितलंय..."

"हात बघा स्वतःचा. द्या. राग माझा मी नंतर काढीन, तो कुठे पळून जात नाही. कसं धरायचं ते दाखवा आधी."

तिने दाखवलं. गॉझ किती ओली, दाब किती, पुसायचं कुठून कुठे. हातमोजे चढवून बहीण खुर्ची पुढे ओढून बसली आणि घासू लागली, ओठ घट्ट मिटून. मग दोघी आळीपाळीने करत राहिल्या. एक घासायची, दुसरी बोटं चोळत बसायची. मधे फ्रेमवाल्याला डोळा लागला. तो घोरू लागला तेव्हा बहीण म्हणाली, "असाच आहे. लहानपणीही मी अभ्यास करायची आणि हा झोपायचा," आणि तिच्या आवाजातली धार किंचित बोथट झाली होती. किंचितच.

जळवा दिवेलागणीला आल्या. सर्जनबाई स्वतः बरणी घेऊन धावत आली. लांबट, रोड, बेचैन जळवा, बरणीच्या झाकणाला धडका देत होत्या. चिमट्यातून सुटताच पहिलीने अंगठा हुंगल्यासारखं केलं, क्षणभर थबकली, आणि तोंड रोवलं. तिच्या अंगातून लाट सरकली. मग दुसरी. जागे झालेल्या फ्रेमवाल्याने मान उचलून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जेवा बायांनो, सावकाश. घाई नाही."

अंगठ्याचा रंग लगेच बदलला नाही. हळूहळू कडेने जांभळं फिकं झालं, आणि टोकाशी, नख काढलेल्या जागेच्या भोवती, लालसर झाक आली. सर्जनबाईने तिथे बोट दाबून सोडलं, रंग परत येतो का पाहिलं. आला. तिने लांब श्वास सोडला.

"राहील," ती म्हणाली. "राहील असं वाटतंय." आणि मग, जळूताईकडे न बघता, "उद्यापासून बरण्या दुसरं कुणीतरी बघेल. वर कळवावं लागेल मला. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"जा आता घरी."

"जाते."

पण ती लगेच उठली नाही. बहिणीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीकडे पाहिलं. जळूताईचा उजवा हात तिथे पडला होता आणि अंगठा व बोटं एकमेकांवर घासत होती, हलकेच, न थांबता, मधे गॉझ असल्यासारखी. तिला कळतच नव्हतं. बहिणीने हात पुढे केला आणि तिची बोटं आपल्या मुठीत धरली.

"झालं," ती म्हणाली. "थांबा आता. पितायत त्या."

बोटं मुठीत आणखी थोडा वेळ हलत राहिली.